रिकाम्या पारड्याचा दगड

दगड भानुमतीनेच बांधला होता, हे आधीच सांगून टाकते. मध्येच कोणी विचारायचे नाही, बरं का.

तर एकदा काय झाले, आकाशाच्या राजाकडे भानुमती नावाची बाई होती. साऱ्या आकाशाचे वजन करणे हे तिचे काम. तिचा तराजू कधी चुकत नसे, आणि ही गोष्ट ती सर्वांना सांगतही असे. राजाच्या अंगणात चांदण्या फेर धरीत. अगदी कडेला टिकली नावाची धाकटी चांदणी भिरभिरत धावे.

एके दिवशी भानुमती म्हणाली, "महाराज, टिकली फार वेगाने धावते. तिला धरून ठेवायला आकाशाचं वजन पुरत नाही. ती भिरकावली जाईल."

"मग तिला फेरातून काढा," राजा म्हणाला. "पण आधी तीनदा तोला."

टिकली रडकुंडीला आली.

मग भानुमतीने चांदण्या तोलल्या. वजन कमी भरले. मग चांदण्यांमधली धूळ आणि धुके तोलले. तरी कमीच. प्रधान हसला, "बाई, आता तुमची ऐट घाला पारड्यात. नक्की भरेल!"

तिसऱ्यांदा तिने तराजू टिकलीजवळ नेला. रिकामे पारडे काळोखाकडे झुकले. भानुमतीने नेहमीप्रमाणे दुसऱ्या बाजूला पासंगाचा दगड बांधला. तोलण्यापूर्वी रिकामी पारडी समान करायची, ही तोलणाऱ्यांची रीतच असते.

"मावशी, रिकाम्या पारड्याला दगड कशाला?" टिकलीने विचारले.

"ते झुकतंय ना, म्हणून."

"पण त्यात काहीच नाही, तर झुकतंय कशानं?"

भानुमतीने दगड सोडला. झुकलेल्या पारड्यात हात फिरवला. काही दिसले नाही, हाताला लागले नाही. पण साऱ्या चांदण्यांच्या पाचपट वजने समोर घातली, तेव्हा कुठे पारडी समान झाली! टिकलीला धरून ठेवणारे, न दिसणारे वजन ते हेच. आणि दर खेपेला भानुमतीने ते दगड बांधून हिशेबातून पुसून टाकले होते.

मग ती दरबारात ताठ उभी राहिली. "महाराज, चूक माझी. टिकलीला कोणीतरी धरलंय. कोणी, ते मला ठाऊक नाही."

शेवटी असे ठरले, की टिकली फेरातच राहील. आणि रिकामे पारडे झुकले, तर दगड बांधण्याआधी ते का झुकले, हे विचारायचे. राजाने होकार दिला, प्रधानाने ओशाळून मान हलवली, आणि टिकलीने धावता धावताच "हो" म्हटले. मग सगळे सुखाने नांदले.

आता तुमच्या पापण्या झुकू लागल्या आहेत. त्यांना दगड बांधायचा नाही. झुकू द्या.