नववं स्थान

खाडीकाठच्या एका गावात एक बागायतदार होता, आणि तो कधी खाली बसायचाच नाही. चहा उभ्याने, जेवण घाईत, झोप अर्धवट. नाव इनास. केळीची बाग उत्तम होती, पण छातीत सतत काहीतरी पळत असल्यासारखं त्याला वाटायचं.

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख लावून तो फादरांकडे गेला. "फादर, या उपवासकाळात मला विसावा मिळायलाच हवा. नाहीतर ईस्टरपर्यंत मी टिकत नाही."

"देवाजवळ थोडा बस," फादर म्हणाले.

इनास घरी आला आणि त्याने यादी केली. चहा बंद, मासळी बंद, उशी बंद. पहाटे चर्चमध्ये मिस्सा, दुपारी रोझरीची माळ, संध्याकाळी बायबल. शुक्रवारी गावाची क्रूसाची वाट आपणच चालवायची.

बायको म्हणाली, "अहो, एवढं सोडलंत, तर आमच्यावर ओरडणंही सोडा की."

"ते यादीत नाही," इनास ओरडला.

त्या गावात क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं चौदा घरांच्या ओट्यांवर मांडत. प्रत्येक ओट्यावर येशूच्या दुःखसहनाचं एक चित्र आणि एक मेणबत्ती. लोक गात गात एका ओट्यावरून दुसऱ्याकडे जात, गुडघे टेकत, प्रार्थना करत. याला दीड तास लागे. इनासने ते पस्तीस मिनिटांवर आणलं. म्हाताऱ्या बायका गुडघे टेकेपर्यंत तो पुस्तक मिटून पुढच्या ओट्याकडे निघालेला असे.

"चला, चला! मागे राहू नका!"

नातालबाय गावातली सगळ्यात म्हातारी. ती मागून ओरडली, "अरे इनास, येशूला वाटेत तीनदा पडायला तरी वेळ मिळाला होता!"

सगळे हसले. इनास हसला नाही. चार शुक्रवार झाले होते, यादीतलं एकही काम चुकलं नव्हतं, आणि छातीतलं पळणं दुप्पट वाढलं होतं.

पाचव्या शुक्रवारी नवव्या स्थानापाशी नातालबायचे गुडघे संपले. ती ओट्यावर बसली ती बसलीच.

"बाय, उठ. अजून पाच राहिलीत."

"ती कुठे पळून जातायत? तू जा."

इनासने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. म्हातारीला अंधार पडताना एकटीला कसं सोडायचं? आणि आपण नसलो तर वाट कोण चालवणार? शेवटी त्याने पुस्तक बायकोच्या हातात कोंबलं आणि तो ओट्याच्या कडेला टेकला. लोक गात पुढे गेले.

"पाय हलवू नको, ओटा हलतोय," नातालबाय म्हणाली.

"आता काय म्हणायचं?"

"काही नाही."

"किती वेळ?"

"मला काय विचारतोस? त्याला विचार." तिने चित्राकडे बोट केलं.

चित्रात येशू तिसऱ्यांदा पडला होता. तोंड मातीत, खांद्यावर क्रूस. इनास पाहत राहिला. एवढ्या जवळून त्याने ते चित्र कधी पाहिलंच नव्हतं. आणि पुस्तकात नसलेलं एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं.

"देवा, मी दमलो रे."

मग तो रडला, थोडासाच. छातीतलं पळणं हळूहळू चालायला लागलं, मग थांबलं. तो खांबाला टेकला आणि घोरू लागला.

लोक परत आले तेव्हा बायको त्याला हलवायला वाकली. नातालबायने तिचा हात धरला. "उठवलंस तर बघ. पाच आठवड्यांनी पोचलाय बिचारा."

पण कुजबुजीने इनास जागा झालाच. दचकून म्हणाला, "किती स्थानं राहिली?"

"एकही नाही," बायको म्हणाली. "तुमच्यावाचून सगळी झाली. आणि छान झाली."

इनासने सगळ्यांकडे पाहिलं आणि तो पोट धरून हसला. इतका की नातालबायला पुन्हा सांगावं लागलं, ओटा हलतोय म्हणून.

तात्पर्य: उपवासकाळात आपण देवासाठी किती धावलो यावर विसावा ठरत नाही; दमलेलं मन त्याच्यासमोर जसं आहे तसं टेकवलं की तो स्वतःच विसावा होतो.