तोंड कुणी बुजवलं?

सकाळचे नऊ. पाथरवडीत नव्या घरावर स्लॅब पडला आहे. पावसाचं पाणी उतरवणारी नळी भिंतीत गाडून वर गिलावा केला आहे. घरमालक तिच्या खालच्या तोंडाशी उकिडवा बसून ओंजळ धरतो. वरून गवंडी घागर ओततो. पाणी हातात आलं की गवंडी वरून ओरडतो, "तोंड कुणी बुजवलं?" कुणी उत्तर देत नाही. मगच घरात चूल पेटते.

पाहुण्यांनी कारण विचारलं की गावातले म्हातारे तुळसाजीबाबा समोरच्या टेकाडाकडे बोट दाखवतात. तिथे म्हणे गढी होती.

गढीच्या धन्याला दर्शनी भिंतीवर पन्हळी नको होत्या. ओघळांनी भिंत काळवंडते. म्हणून हिरोजी गवंड्यानं खापरी नळ भिंतीच्या पोटातून नेला आणि त्याचं तोंड अंगणात काढलं. चुना मळला त्याच्या बायकोनं, चिमाईनं. गूळ घालून, पायांना भेगा पडेपर्यंत. त्यांची लेक राही गढीतच दळण दळायची.

गढीत लग्न निघालं. नळाचं तोंड नेमकं मांडवात आलं. आभाळ भरलेलं पाहून हिरोजी म्हणाला, "कारभारी, तोंड मोकळं राहू द्या. नाहीतर भिंत पाणी पिईल."

कारभारी हसला. "पाणी पिईल? मग पंगतीलाही बसव की रे तिला!"

दोन दिवस अवकाळी कोसळला. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंत खाली बसली. तिच्या आड राही दळत होती.

चिमाईनं हातांनी माती उपसली. आधी जातं लागलं, मग लेक. शेजारीच नळाचं तोंड होतं: आत चिंध्या कोंबलेल्या, वर चुना थापलेला. चिमाईनं त्याचा कपचा जिभेला लावला. गुळाची चव. चुना तिच्याच हातचा होता. त्याचं कुंड गढीमागे उघडंच असायचं.

भरल्या मांडवात तिनं विचारलं, "तोंड कुणी बुजवलं?" सगळे आपापल्या पायांकडे बघत राहिले.

चौकशी झाली, असं सांगतात. करणारे गढीचेच. हिरोजीचं काम कच्चं ठरलं आणि लग्न त्याच मुहूर्तावर लागलं! हिरोजीनं पुन्हा थापी धरली नाही. चिमाई मात्र मरेपर्यंत प्रत्येक नव्या घरासमोर जाऊन तेच विचारत राहिली. तिच्यामागे गवंडी विचारू लागले.

गढीची माती झाली. पण चिमाईच्या कुंडातला तो चुना कुणाच्या हातानं उचलला गेला, हे आजही कुणी सांगितलेलं नाही.