ठिगळवाला द्वारपाल

फार पूर्वी चीन देशातल्या एका डोंगरगावात एक ओतारीण राहायची. नवरा गेल्यावर धातू ओतायची भट्टी तिनंच पेटती ठेवली होती. त्याच गावात एक बडा ओतारीही होता. त्याच्याकडे बारा कारागीर होते, आणि तोंड तर त्याहून मोठं!

गावच्या बुद्धविहाराच्या दारात उभा करायला द्वारपाल हवा होता, पुरुषभर उंच, काशाचा, डोळे वटारलेला. थोरल्या भिक्खूंनी दोघांनाही मूर्ती ओतायला सांगितली. अट एकच होती. "पसंत पडेल ती दारात उभी राहील. दुसरी वितळवायची."

ओतारीण वर्षभर खपली. काशाचा रस ओतला, साचा फोडला आणि बघते तर काय, द्वारपालाच्या गालाला अंगठा जाईल एवढं भोक! तिला रडूच कोसळलं.

"आई, मेणात काशाचा भुगा कालव आणि भर," लेक म्हणाली. "बड्या ओताऱ्याकडे तेच चाललंय. त्यांच्या मूर्तीला तर नाकातच भोक पडलंय."

"अगं, जो दार राखणार त्याच्याच तोंडावर लबाडी?"

तिनं डोळे पुसले, भोक चौकोनी कापलं आणि तिथं काशाचा तुकडा ठोकून घट्ट बसवला. ठिगळ लांबूनही दिसत होतं.

निवाड्याच्या दिवशी सारा गाव लोटला. बड्या ओताऱ्याची मूर्ती नुसती लखलखत होती. ओतारणीची पाहून मात्र लोक खो खो हसले. "ठिगळवाला द्वारपाल!" लेकीनं मान खाली घातली.

थोरले भिक्खू हसले नाहीत. "आधी पूजा," ते म्हणाले. रिवाजाप्रमाणे दोन्ही मूर्तींच्या पुढ्यात धुपाची मोठाली पात्रं पेटवली. धग वर चढू लागली.

थोड्या वेळानं बड्या ओताऱ्याच्या द्वारपालाच्या नाकातून एक थेंब ओघळला. मग दुसरा. मग धारच लागली!

"अगंबाई, याला तर सर्दी झाली!" एक म्हातारी ओरडली. "हा कसला चोर पकडतोय? शिंकतच बसेल!"

असं बड्या ओताऱ्याचं पितळ भर गावात उघडं पडलं. ठिगळवाला मात्र धगीत डोळे वटारून उभाच होता. ढोल वाजले, त्याला दारात उभं केलं, आणि मघाशी हसलेलेच लोक ओतारणीचा जयजयकार करत तिच्या भट्टीपर्यंत आले.

बडा ओतारीही मागोमाग आला आणि खाली मान घालून उभा राहिला. ओतारीण त्याला म्हणाली, "दादा, तुमची मूर्ती माझ्या भट्टीत वितळवू. दाराची दुसरी बाजू अजून रिकामीच आहे. भाता मात्र तुम्ही ओढायचा."

आणि त्यानं तो ओढला.

तात्पर्य: चूक कुणाच्याही हातून होते. ती दुरुस्त करावी. मेण लावून झाकली, तर पहिल्याच धगीला नाक गळतं.