टिकणाऱ्या बेण्याचा अर्ज

एकदा एका राजाला वाटले की आपल्या राज्यातील गावे एकमेकांपासून फार तुटलेली आहेत. एका गावाला शेतीतले जे उमगते, ते दहा कोसांवरच्या गावाला ठाऊक नसते. विचार चांगलाच होता. त्याने तीनशे गावांचे एक मंडळ स्थापले आणि एका वृद्ध आचार्यांच्या शिष्याला त्याचे प्रमुख कार्यवाह नेमले. शिष्य हुशार होता, कष्टाळू होता, आणि खरे सांगायचे तर इथेच सगळे बिघडले.

कारण त्याने पद्धत घालून दिली. गावाने आपली अडचण ठरलेल्या नमुन्यात लिहून राजधानीला कळवावी, राजधानीने तिची नोंद घ्यावी, समितीने अभ्यास करावा, आणि मग उत्तर गावाकडे जावे. दरवर्षी चैत्रात अधिवेशन भरे. पहिला दिवस दीपप्रज्वलनाचा आणि हारतुऱ्यांचा. दुसरा उद्दिष्टांच्या वाचनाचा. तिसरा ठरावांचा. प्रतिनिधींनी एकमेकांची ओळख करून घेण्याचा कार्यक्रम चौथ्या दिवशी दुपारी असे, आणि तोवर निम्मे लोक गाड्या जुंपून निघालेले असत. अशा अधिवेशनांत बसण्याचा योग मलाही आलेला आहे. त्यामुळे यातले काहीच मला अतिशयोक्त वाटत नाही. संताप मात्र येतो.

तिसऱ्या वर्षी अध्यक्ष म्हणून आचार्यांना बोलावले गेले. ठरावात ‘प्रगती’ आधी घ्यावी की ‘समृद्धी’, यात सारी सकाळ गेली. शेवटी मागच्या रांगेतून नदीकाठच्या एका गावची प्रतिनिधी, हौसाक्का, उठून उभी राहिली.

“सायेब, तुमचं चालू द्या, पर माझं आधी ऐका. तीन सालं झाली, लावणीला राखल्यालं हळदीचं बेणं ढिगातच कुजतंया. आठ दिसांवर अक्षय तृतीया आली. औंदा समदंच गेलं तर लावू काय? गावात कुनाकडंच धड बेणं न्हाई.”

शिष्य नम्रपणे म्हणाला, “आक्का, तुमचा अर्ज नोंदलेला आहे. कंदपिकांची उपसमिती अभ्यास करते आहे.”

“तीन सालं?”

“विषय गहन आहे.”

आचार्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग सभेला विचारले, “ज्याच्या गावात हळदीचं बेणं चांगलं टिकतं, असा कोणी आहे का इथे?”

डोंगराकडच्या गावच्या केरबा नावाच्या म्हाताऱ्याने हात वर केला. तो हौसाक्काच्या अगदी शेजारी बसला होता.

“आमचं टिकतं की. कधीच कुजत न्हाई.”

“अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“त्या कागदावर अडचण लिवायची जागा हाय, म्हाराज. आमाला अडचणच न्हाई. काय लिवू?”

“का कुजत नाही तुमचं?”

“ते काय म्हाईत न्हाई. बाप करायचा तसंच आमी करतो.”

शिष्याने लगेच केरबाचे म्हणणे नोंदवहीत घ्यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक गाडीतळावर आले, तर आचार्य तिथे आधीच काठी टेकून उभे. ते एकेका प्रतिनिधीला हाताला धरून भलत्याच गाडीत चढवत होते. केरबा हौसाक्काच्या गाडीत, हौसाक्का केरबाच्या गाडीत, खारवट जमिनीवाला माळावरच्या माणसाच्या गाडीत. गाड्या आपापल्या गावी जाणार, माणसे मात्र दुसऱ्याच्या. एकच गलका झाला.

शिष्य धावत आला. “गुरुजी, हा काय गोंधळ मांडलाय? राजेसाहेबांना मी काय उत्तर देऊ?”

“उत्तरंच देत बस तू!” आचार्य कडाडले. “तीन वर्षं तू कागद फिरवलेस, माणूस एकदाही फिरवला नाहीस. आपलं कुठे चुकतं ते या बाईला ठाऊक नाही, म्हणून ते तिच्या अर्जात नाही. आपलं काय बरोबर आहे ते या म्हाताऱ्याला ठाऊक नाही, म्हणून ते तुझ्या दप्तरात शंभर वर्षांतही यायचं नाही. रोजची गोष्ट कुणी लिहून कळवत नाही, बाबा. ती परक्या माणसालाच दिसते. राजानं तुला गावांची गाठ घालून द्यायला सांगितलं होतं. तू मधेच पाट मांडून बसलास. चढ, केरबाबरोबर चढ त्या गाडीत.”

दोन दिवसांनी गाडी हौसाक्काच्या गावी पोचली. आंब्याखाली बेण्याचा ढीग होता, त्यावर शेणमातीचा जाड, गुळगुळीत लेप. केरबाने ढिगाला दोन फेऱ्या घातल्या.

“ह्याला झरोकं कुठं हायती?”

“झरोकं कशाला?” हौसाक्काची सून म्हणाली. “चांगलं गच्च लिपलंय की.”

“ऊब कुठनं जायाची मग? पहार आन, पोरी.”

सून कुरकुरली, पण पहार आणली. लेप फुटला तसा आतून कोंदट, कुजका वास आला. दोन दिवस सगळे मिळून कुजके बाजूला काढत राहिले. कार्यवाहांनाही त्यात हात घालावे लागले.

सहाव्या दिवशी हौसाक्का परतली. केरबाच्या गावचे झरोके पाहून आलेली ती बाई घरात न शिरता थेट ढिगाकडे गेली.

“आक्का, निम्मं वाचलं,” शिष्य म्हणाला.

तिने हळदीचे एक बोट मोडून आतला पिवळा रंग पाहिला. “वाचलं ते बरं झालं. पर कुजलेलं मोजताना ह्याच सालचं मोजू नगा, सायेब. मागल्या दोन सालांचं बी त्यात धरा.”

शिष्य खाली बसला आणि पुन्हा बेणे निवडू लागला.

संध्याकाळी राजधानीहून स्वार आला. अधिवेशनाचा अहवाल अजून का आला नाही, अशी विचारणा होती. शिष्याने चिखलाच्या हातांनीच त्या कागदामागे लिहिले : “अहवाल नाही. लावणीला माणसे कमी आहेत. या.”