येफीमने हुकूम पाळला

टंग, टंग, टंग. लोखंडावर हातोडी पडल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. रशियातल्या आमच्या लहानशा गावात शाळेला घंटा नव्हती. नांगराचा जुना फाळ दाराशी टांगलेला होता आणि तो वाजवायला येफीम नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा.

थोरल्या झारने लोकांना थोडं मोकळं केलं होतं. शाळा त्याच वेळची, ओढ्यावरचा पूलही त्याच वेळचा. मग त्याचा मुलगा गादीवर आला. त्याला वाटलं, वडिलांनी जरा जास्तच दिलं. त्याने गावोगावी एकेक साहेब पाठवला.

आमच्या साहेबांनी येफीमला बोलावलं. "आता सगळं पूर्वीसारखं करायचं."

"सगळं?"

"सगळं."

पूर्वी पूल नव्हता. येफीमने दुपारपर्यंत पूल मोडला. संध्याकाळी साहेबांची गाडी ओढ्यात गेली.

"गाढवा!" मिशा पिळत साहेब ओरडले. "काही मोडायच्या आधी मला विचारायचं!"

"विचारतो, साहेब."

आठवड्याने साहेबांच्या गवताच्या कोठाराला आग लागली. दाराला कुलूप. लोक कुऱ्हाड घेऊन धावले. येफीमने कुऱ्हाड काढून घेतली. "मोडायचं तर विचारावं लागतं," म्हणाला, आणि कुऱ्हाडीसकट तीन कोस चालत साहेबांकडे गेला. साहेब जेवत होते. जेवण होईपर्यंत तो टोपी हातात धरून उभा राहिला.

"साहेब, दार मोडू का?"

"कसलं दार?"

"कोठाराचं. आता नसेल बहुतेक."

साहेबांनी हातातला चमचा फेकला. "मूर्खा, विचारत बसायचं नाही! हुकूम म्हणजे हुकूम. समोर कोण आहे, तेसुद्धा बघायचं नाही!"

"नाही बघणार, साहेब."

साहेबांच्या घरी अग्राफेना नावाची विधवा रांधायची. तिची नास्त्या शाळेत सगळ्यात छान वाचायची. पोरीचा जन्म चुलीपुढे जाऊ नये, एवढंच अग्राफेनाचं मागणं होतं. आणि नेमका तेव्हाच नवा हुकूम आला.

"स्वयंपाकिणीची पोरं शाळेत नकोत," साहेब येफीमला म्हणाले. "दारात प्रत्येकाला विचार, आई काय करते. रांधते म्हणाला, तर बाहेर. गप्प राहिला, तर लपवतोय म्हणून बाहेर."

सकाळी येफीम दारात उभा राहिला.

"आई काय करते रे?"

"कोबीचं सार करते, येफीमकाका."

"बाहेर."

"तुझी?"

"भाकरी भाजते."

"बाहेर."

मीही बाहेर गेलो. नास्त्या पाटी छातीशी धरून पायरीवर बसली. रडली नाही. पाटी मात्र सोडेना.

तेवढ्यात साहेब आले. शाळा रिकामी. अंगणात सगळी पोरं, आणि नास्त्याच्या शेजारी, पायरीवर, भिंतीला टेकवून ठेवलेली, वर्गात टांगलेली असायची ती झारची तसबीर.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "ही... ही बाहेर कोणी काढली?"

"मी, साहेब. आई काय करते, म्हणून विचारलं. तीनदा विचारलं. गप्प."

"अरे, ते झार आहेत!"

"समोर कोण आहे ते बघायचं नाही, म्हणालात ना?"

रस्त्यावरून लोक जात होते. एकेक जण थांबू लागला. एवढं वर कळलं असतं, तर साहेबांची रवानगी थेट सैबेरियात झाली असती.

"आत ने! आधी आत ने!"

"हुकूम आहे, साहेब. कसं नेऊ?"

"मोडीत काढ तो हुकूम! कोणाच्या आईचं नाव काढू नकोस. सगळ्यांना आत घे!"

"सगळ्यांना?"

साहेबांनी पायरीकडे पाहिलं. नास्त्याने पाटी आणखी घट्ट धरली.

"सगळ्यांना."

येफीमने फाळ वाजवला. टंग, टंग, टंग. आम्ही आत धावलो. मागून येफीम तसबीर घेऊन आला. भिंतीवरचा खिळा त्याला दिसत होता. पण आत आलेल्याने बाकावर बसायचं, हा शाळेचा नियम होता.

"नास्त्या, सरक जरा," तो म्हणाला.

नास्त्या सरकली. येफीमने झारला तिच्या शेजारी बसवलं. तिने आपली पाटी दोघांच्या मध्ये ठेवली.

साहेब दारातून बघत होते. त्यांनी तोंड उघडलं. मग येफीमकडे पाहून मिटलं. टोपी घातली, आणि निघून गेले.