वेशीतले पाणी

फार पूर्वी पोतन नगरात अरिंदम राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा न्यायामात्य होता.

त्या नगराची एक रीत होती. परदेशी माणूस वेशीत आला की त्याला राजाच्या नावाने ओंजळभर पाणी मिळे. ते प्यायलेल्या माणसाला न्यायसभेत ऐकून घेतल्यावाचून कोणी वेशीबाहेर काढू शकत नसे, खुद्द राजासुद्धा. नवा राजा तर अभिषेकानंतर सात दिवस स्वतः वेशीत उभा राहून पाणी वाढी.

पुरात गाव वाहून गेलेली उत्पला कुंभारीण अशीच आली आणि तीन वर्षांत तिथली झाली. तिची मडकी लोक शोधत येऊ लागले, तसे जुन्या कुंभारांच्या पोटात दुखू लागले. आपली माती परके संपवतात, असे त्यांनी राजाच्या कानात भरले. राजाने दवंडी पिटवली: बाहेरून आलेल्या सर्वांनी सूर्यास्तापूर्वी नगर सोडावे.

उत्पलेने त्याच सकाळी मडकी भाजायचा आवा पेटवला होता. धगधगता आवा टाकून कुठे जायचे? तिला रडू आले, मग राग आला. राखेच्या हातांनीच ती न्यायसभेत गेली.

तिने दाद मागताच बोधिसत्त्वाने परक्यांना बाहेर काढणाऱ्या शिपायांना थांबवले. राजा तणतणत आला.

"अमात्य, राज्य माझे की तुमचे?"

"आपलेच, महाराज. उद्यापासून वेस बंद ठेवायची तर ठेवा. पण पाणी प्यायलेल्यांना न विचारता घालवणे आपल्या हातात नाही."

"उद्या या आसनावर दुसरा बसेल."

"बसवा. पण सूर्यास्त आजच आहे, आणि आज इथे मी आहे." मग तो उत्पलेकडे वळला. "बाई, तुला पाणी कोणी दिले?"

"महाराजांनीच की. नवेनवे होते. अर्धे पाणी माझ्या पायावर सांडले. मला वाटले, राजा नवशिका दिसतो, पण मनाचा चांगला आहे."

राजाला तो दिवस आठवला. तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आले. "राहू दे हिला. सगळ्यांनाच राहू दे."

"असे नको, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "आज हसून ठेवाल, उद्या रुसून घालवाल. रीतसर ऐकू या."

नऊ दिवस सर्वांचे ऐकले. जुन्या कुंभारांचेही ऐकले. नदीकाठी माती मुबलक निघाली आणि कोणालाही जावे लागले नाही. उत्पलेच्या आव्यातून वेशीसाठी नवा रांजण निघाला. तो उचलायला जुने कुंभारच पुढे झाले, थोडे ओशाळत.

ही कथा विहारातल्या भिक्षूंना सांगून भगवान शास्ता म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आज सकाळी पाहुण्या भिक्षूंना विहाराच्या दारात अडवणारा आपला सुयाम. उत्पला म्हणजे त्याला दटावणारी उपासिका चित्तला. न्यायामात्य मीच होतो. जी मैत्री कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसते, तीच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची पूर्णता."

सुयाम लगेच उठला. तो पाहुण्यांसाठी पाणी आणायला गेला.