ठक वाजणारा सूर

फार फार पूर्वी, धुक्यात उठणाऱ्या आणि धुक्यातच झोपणाऱ्या एका गावात एक पियानो होता. गाव तळ्याकाठी. सांजेला धुकं उतरलं, की एक म्हातारी काठावरच्या खोलीत पियानो वाजवत बसे आणि नावाडी त्या सुरांच्या मागोमाग घरी येत. तिचा मुलगाही त्यांच्यातलाच.

एकदा पियानोच्या पोटातली एक हातोडी मोडली. पट्टी दाबली, की ही लाकडी हातोडी तारेवर पडते आणि सूर निघतो. म्हातारीने लांबच्या शहरातून कारागीर बोलावला.

कारागिराचा हात बसलेला, पण स्वभावाने मुलखाचा टापटीप! मोडकी हातोडी त्याने तासाभरात बदलली. मग त्याचं लक्ष शेजारच्या हातोडीकडे गेलं. तिच्या टोकावरचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा मऊ थर, झिजून दगड झाला होता आणि सुराबरोबर ‘ठक’ असं वाजत होतं. म्हातारी बाजारात गेली होती. एवढ्यासाठी तिला काय विचारायचं, असं म्हणून त्याने नवा नमदा चिकटवला, जुना चुलीत टाकला आणि स्वतःवरच खूश झाला.

त्या सांजेला पियानो इतका गोड वाजला, की धुकंसुद्धा खिडकीशी थबकल्यासारखं वाटलं. पण एकही नाव येईना. वल्ह्यांचा आवाज जवळ आला आणि पुन्हा लांब गेला.

म्हातारीने खिडकीकडे पाहिलं. “पलीकडच्या खडकाळ काठावरही एक पियानो वाजतो, बाबा. आमचा ओळखायचा तो त्या ठकवरून. हा तिकडचा समजून माझं लेकरू उलटं चाललंय.”

कारागीर चुलीकडे धावला. चुलीत तर राखच उरली होती. त्याने म्हातारीला वाजवत राहायला सांगितलं, आपला हातोडा उचलला आणि तो सूर आला, की पियानोच्या चकचकीत अंगावर ठक! दोनदा चुकला, मग जमलं. लाकडाला खळगे पडत गेले, त्याने पाहिलं नाही.

एकेक नाव काठाला लागली. मुलगा सगळ्यांत शेवटी आला, भिजलेला. आज कोण परकं वाजवत होतं, असं त्याने विचारलं.

“परका मीच,” कारागीर म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

नवा नमदा दगड व्हायला दोन हिवाळे लागले. तोवर कारागीर शहरात परतला नाही; रोज सांजेला म्हातारीशेजारी हातोडा घेऊन बसत राहिला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या घरातली खोड दूर करण्याआधी विचारून घ्यावं; तिच्याच भरवशावर कुणीतरी घरी येत असतं.